आईंचा उजवा कान

हे घडलेलं आहे. आमच्याच घरात, भाऊजींच्या खोलीत. रविवारी, भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या असताना.

सकाळची माळ पूर्ण झाल्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही, आणि माळेनंतर खोटं बोलत नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

माझे धाकटे दीर मोटारसायकलवरून पडले. डोक्याला मार. मेंदू गेला, बाकी सगळं यंत्रावर चालू होतं. अवयव द्यायला सासूबाईंनी स्वतः होकार दिला. हृदय एकाला गेलं, मूत्रपिंडं दोघांना.

"माझं पोर कुठेतरी चालतंय-फिरतंय," आई म्हणायच्या. त्या एका वाक्याच्या आधारावर त्या पुन्हा जेवायला लागल्या. घर सावरलं. हेही तितकंच खरं आहे.

मग हृदय मिळालेला माणूस आपणहून शोधत आला. शिंपी होता, भाऊजींच्याच वयाचा. आईंच्या पाया पडला.

"ऐकू का रे?" आईंनी विचारलं.

त्याने शर्टाची बटणं काढली. आईंनी छातीला कान लावला. आम्ही सगळे रडलो. आमचे हेसुद्धा.

तिथेच थांबायला हवं होतं.

तो दर रविवारी येऊ लागला. जेवण झालं की आई त्याला भाऊजींच्या पलंगावर आडवं करायच्या आणि उजवा कान टेकवायच्या. आधी थोडाच वेळ. मग पार चहाची वेळ होईपर्यंत.

"काकू, एवढ्या वेळात मी अख्खा कोट बेतला असता," तो हसून म्हणायचा.

आई हसायच्या नाहीत. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ... थेट त्याच्या छातीवरच्या व्रणावर.

मी पुसायला गेले की हात झटकायच्या.

आणि तो कान त्या धुवेनात.

"त्याचा आवाज आहे त्यात," म्हणायच्या. पाळीवर पिवळट थर धरला. वास यायचा... फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की येतो तसा. त्यांना ताट वाढताना मी श्वास रोखून धरायची. सासूचा तिटकारा करू नये, कळतं मला. पण वाढून झालं की मी लगेच हात धुवायची.

शिंपी खंगत चालला. नखं निळसर दिसू लागली. एक दिवस त्याच्या बायकोचा फोन आला.

"ताई, तुमच्याकडून आले की दोन-दोन दिवस सुईत दोरा ओवता येत नाही त्यांना. डॉक्टर म्हणतात, हृदय उत्तम आहे. तुम्हीच बोलावू नका हो. त्यांना नाही म्हणता येत नाही. उपकाराखाली आहेत ना."

मी आईंना सांगितलं.

"कान लावल्याने कुणी मरत नाही, सूनबाई. एवढे उपास करतेस, मन मात्र आखूडच राहिलं तुझं."

त्या रविवारी मी त्याला दारातच म्हटलं, "आज परत जा. मी सांगते काहीतरी."

"काकूंनी गॅलरीतून बघितलंय, ताई," तो म्हणाला. आणि आत गेला.

थोड्या वेळाने मी पाणी घेऊन गेले.

दारापर्यंत आवाज येत होता...

धप्. धप्.

ओला आवाज. भिजलेल्या फडक्यावर कुणीतरी टाच दाबावी तसा.

मी आईंना खांद्याला धरून बाजूला केलं. चिकटलेला कान सुटताना चिकटपट्टी ओढल्यासारखं झालं. शिंपी उठून बसला, खाली उतरला, बटणं लावू लागला.

धडधड थांबली नाही.

ती गादीतून येत होती.

मी त्याचं मनगट धरलं. गार. बोटांखाली काहीच नाही...

"झालं का काकूंचं?" त्याने सरळ साध्या आवाजात विचारलं आणि निघाला. एरवी दर वळणावर टेकणारा माणूस, सगळा जिना न थांबता उतरून गेला. धाप नाही. श्वासाचा आवाजच नाही.

संध्याकाळी पुन्हा त्याच्या बायकोचा फोन. दुकानात येऊन त्याने एक बाही शिवली आणि मशीनवर डोकं टेकवलं. डॉक्टर तिच्यावरच चिडले. म्हणाले, हा दुपारीच गेलाय, इतका वेळ तुम्ही काय करत होतात?

आईंना सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि पुन्हा वाढून घेतलं.

आता त्या त्याच पलंगावर झोपतात. गादी मधोमध ओलसर असते. उन्हात टाकू देत नाहीत. ह्यांना आवाज ऐकूच येत नाही. "तुझं उपाशी पोट वाजत असेल," म्हणतात.

अवयवदानाला मी आजही नाव ठेवणार नाही. मी स्वतःही होकार देऊन ठेवला आहे. पण एकदा दिलेलं पुन्हा तोंडाला लावायचं... ओकलेलं चाटावं तसं वाटतं मला ते.

काल दुपारी आईंनी हाक मारली. चेहरा तृप्त.

"मूत्रपिंडं दोघांना दिली ना गं आपण? कुठे राहतात ते?"

"माहीत नाही, आई. हॉस्पिटलवाले सांगत नाहीत."

"असू दे." त्या गादी थोपटत होत्या, तान्ह्या बाळाला थोपटावं तशा. "घाई नाही. तेही येतील आभार मानायला."

तेव्हापासून बेल वाजली की दार मीच उघडते.