मंगळ्याचे जोड

हे कोणी खरं मानणार नाही. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या आणि त्या सगळ्या लोकांनी मानल्या. कशेळीच्या खाडीतल्या खेकड्यानं माझी पक्कड पळवली आणि दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर आणून परत केली, हे नारपोलीतली निदान चाळीस माणसं आजही शपथेवर सांगतील. ही एकच गोष्ट खरी, तर हिच्यावरच कोणाचा विश्वास बसत नाही. असतं एकेका माणसाचं नशीब.

गेल्या शुक्रवारी दुपारी ऑफिसात बसलो होतो. ऑफिस म्हणजे इंटरनेटची कनेक्शनं देणाऱ्या आमच्या शेठचा नारपोलीतला गाळा. भिंतीला भिंत लागून चोवीस लूमचा कापडाचा कारखाना. आठवड्याचे सहा दिवस टेबलावरचा चहा त्या खडखडाटानं थरथरत असतो. शुक्रवारी लूम बंद, आणि मग कानात कापूस घातल्यासारखं होतं. मी रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी शुक्रवारी येतोच. खांबावर चढणारा भूपेश होता, काउंटरवर हेमाली होती, आणि बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन ललिता बसली होती.

ललिता ही मंगळ्याची मुलगी. डिप्लोमा केला, आता ऐरोलीला एका मोठ्या इमारतीत सर्व्हर सांभाळते. मंगळ्या आमचा लाईनमन.

"रवीकाका," ती म्हणाली, "बाबाची गोष्ट तुम्ही सगळ्या भिवंडीला सांगितलीत. मला एकदाही नाही."

"तुला काय सांगायची? तू होतीस की तिथे."

"मी तेरा वर्षांची होते. मशीनसमोर तुम्ही होतात."

"काका, सांगा," भूपेश म्हणाला. "पण यात खेकडा नको हां."

मग सांगितली. दुसरं काय करणार?

लोकांना वाटतं, इंटरनेट आभाळात असतं. आभाळात कावळे असतात. इंटरनेट असतं केसाएवढ्या बारीक काचेच्या तारेत. तुम्ही दुबईतल्या मुलाला 'जेवलास का' असं पाठवलंत की त्याचे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता चिकटतो. तुकडा उजेड होऊन तारेतून पळतो. वाटेत नाक्यानाक्यावर एकेक डबा बसलेला असतो, तो पत्ता वाचतो आणि पुढच्या नाक्याकडे बोट दाखवतो. सगळा रस्ता कोणालाच माहीत नसतो, फक्त पुढचा नाका. तरी सगळे तुकडे पोचतात, तिकडे पुन्हा जुळतात, आणि मुलगा सांगतो, जेवलो.

तार तुटली की दोन्ही टोकं समोरासमोर धरून वितळवून जोडायची. त्या जोडात थोडा उजेड सांडतो. ज्याचा हात चांगला, त्याचा कमी सांडतो. ऑफिसात बसून हे दिसतं. एक मशीन असतं, ते तारेत उजेड फेकतं, परत येणारा मोजतं आणि पडद्यावर रेघ काढतं. जिथे जोड तिथे रेघेला पायरी. जिथे तार संपली तिथे रेघ संपली, आणि शेजारी आकडा, इतके मीटर. मंगळ्याच्या जोडाची पायरी चष्मा लावल्याशिवाय दिसायची नाही. बाकीच्यांचे जोड म्हणजे जिना. मी नुसती रेघ पाहून सांगायचो, हा मंगळ्या.

आणि शेवटची गोष्ट. इथून कुठल्याही घरातल्या डब्याला हाक मारता येते. आहेस का? डबा चालू असला तर ओ देतो. बाकी काही बोलत नाही. नुसती ओ.

शाळा मोबाइलवर भरायची त्या वर्षाची ही गोष्ट. मानकोलीच्या गोदामांमागे, टेकडीच्या अंगाला मोहाचा पाडा. अकरा घरं. आमची केबल मानकोलीच्या खांबापर्यंत होती. मंगळ्या शेठकडे गेला, मी शेजारी उभा होतो.

"शेठ, पोरगी आठवीला हाय. शाळा मोबाइलवर, नि पाड्याव रेंज न्हाय. उंबराच्या झाडाव चढून गणित शिकतेय ती."

शेठ म्हणाले, "अकरा घरांसाठी खांब टाकू? मग तूच शेठ हो."

मंगळ्या हसला. त्या दिवसापासून तो तुकडे गोळा करायला लागला. कुठेही काम झालं की केबलचा उरलेला तुकडा कचऱ्यात जातो, पंधरा मीटर, चाळीस मीटर. ते तो पिशवीत घालून न्यायचा. सुट्टीच्या शुक्रवारी मानकोलीच्या खांबापासून झाडाझाडावरून लाईन ओढायचा, जोड मारायचा. शेठला सांगायचं नाही, हे आम्हा दोघांत ठरलेलं. मी इथे मशीनवर बघून त्याला फोन करायचो, "मंगळ्या, खांबापासून आज सहाशे दहा झाले बघ." ऐनाच्या झाडापर्यंत लाईन पोचली. तिथून त्याचं घर तीस मीटर. सतरा जोड. घरात लावायचा डबाही मी त्याच्या नावावर चढवून दिला होता, तो त्याच्या पिशवीत होता.

पुढच्या शुक्रवारी मंगळ्या ऐनाच्या झाडावर चढला, आणि त्यानंतर कोणाला दिसला नाही.

शिडी झाडाला टेकलेली. खाली चपला, जोडीनं ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. वर तारेचं टोक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बांधलेलं. जोड मारायचं यंत्र नाही, डबा नाही, माणूस नाही. शेठनं आधी यंत्र हरवल्याची तक्रार दिली, मग माणूस हरवल्याची.

सोनी, ललिताची आई, दहाव्या दिवशी ऑफिसात आली. "रवीभाऊ, पोलीस सांगतान् तो पळून गेला. चपला ठेवून कोन पळतो?"

हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी मशीन लावलं.

सहाशे दहा यायला हवे होते. आले सहाशे बावन्न. अठरा जोड.

मी तार काढली, पुसली, पुन्हा लावली. सहाशे बावन्न. अठराव्या जोडाची पायरी चष्मा लावल्यावर दिसली.

"काय झालं?" सोनीनं विचारलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. माझ्या जिभेला ते कधी जमलेलं नाही. मी सांगितलं. मग त्याच्या डब्याला हाक मारली. डब्याला वीज जोडलेली नाही, डबा तर कोणाला दिसलाच नाही, आणि तरी पडद्यावर ओ आली. पहिल्याच हाकेला.

सोनीनं पदर तोंडावर धरला आणि हसली. रडली नाही, हसली. "उशीर करायची सवयच हाय त्याला," म्हणाली.

मी त्याच दुपारी पाड्यावर गेलो. ऐनावर टोक तसंच होतं, पिशवीत गुंडाळलेलं. त्याच्यापुढे काही नव्हतं. फांदी, आणि फांदीच्या पलीकडे ऊन.

पुढच्या शुक्रवारी सातशे पाच. वीस जोड. त्याच्या पुढच्याला सातशे अठ्ठ्याऐंशी. जोड मारायच्या यंत्राची बॅटरी दोन दिवस चालते. चार्जर इथे होता, माझ्या खणात.

सोनी दर शुक्रवारी तीन वाजता यायची, लेकीला घेऊन. दोघी त्याच बाकावर बसायच्या. लूम बंद, त्यामुळे पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा.

"हाक मारा ना, रवीभाऊ."

मी मारायचो. ओ यायची.

"अजून एक."

यायची.

पाड्यातली म्हातारी माणसं सांगत होती, दोन महिने झाले, आता त्याचे दिवस घाला, जीव अडकून राहतो. सोनीनं त्यांना वाटेला लावलं. माझ्यासमोर म्हणाली, "ओ देतोय त्याचं दिवस घालतात काय कुठं?"

मला तेव्हा बरं वाटायचं, हे कबूल करतो. म्हाताऱ्या थापाड्याच्या तोंडाकडे कोणीतरी असं बघत होतं, जणू त्यातून देवच बोलणार आहे. शुक्रवारची मीच वाट बघायचो.

मग सोनी आकडे पाठ करायला लागली. कामावर जाईना. ललिताला तिनं विचारायला लावलं, एक मीटर म्हणजे किती पावलं? ऐनापासून लाईन जशी सरळ आली होती, तशीच सरळ पुढे ती चालायची, आकडा संपेपर्यंत. तिथे जाऊन बसायची. पुढच्या शुक्रवारी आणखी पुढे.

ऐनापासून सरळ गेलं की टेकडी उतरते आणि जुनी दगडखाण लागते. काम बंद पडलेली. पाणी साचून हिरवी झालेली. तळ कोणी पाहिलेला नाही.

आकडा हजाराच्या वर गेला त्या शुक्रवारी दोघी ऑफिसात आल्या त्या भिजलेल्या. सोनी छातीपर्यंत. ललिता खांद्यापर्यंत, आणि आईच्या पदराचं टोक तिनं मनगटाला गाठ मारून बांधलेलं.

"मागच्या आकड्यापर्यंत साठ मीटर ऱ्हायले होते," सोनी म्हणाली. "पोरगी वरडायला लागली म्हणून परत फिरलो. आज किती?"

मी ललिताकडे बघितलं. ती मशीनकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"मारा हाक," सोनी म्हणाली.

ओ आली.

इथपर्यंत सांगून मी थांबलो. हेमालीनं काउंटरवरचा फोन उलटा करून ठेवला.

"मग?" ललितानं विचारलं.

"मग काय," मी म्हणालो. "पुढच्या शुक्रवारी तुम्ही यायच्या आधी मशीन लावलं, तर रेघ मानकोलीच्या खांबावरच संपलेली. पुढे शून्य. हाक मारली, ओ नाही. तुझी आई आली, तिला दाखवलं. तिनं सात वेळा हाक मारायला लावली. सात वेळा काही आलं नाही. ती उठली, पाड्यावर गेली, आणि म्हाताऱ्यांना सांगितलं, घाला दिवस. पुढच्या महिन्यात गोदामात पॅकिंगच्या कामाला लागली. तू परीक्षा दिलीस. संपलं."

"तार कशानं तुटली?"

"उंदीर," मी म्हणालो. "मी स्वतः मानकोलीला गेलो, खांबावर चढलो. दातांचे व्रण या डोळ्यांनी पाहिले. एवढाले. घुशीएवढा उंदीर असणार."

"तुम्ही खांबावर चढलात?" भूपेश म्हणाला. "या गुडघ्यांनी?"

"तेव्हा गुडघे चांगले होते."

हेमाली हसली. मीही हसलो. हसण्यावारी गेलं की गोष्ट सुखरूप घरी पोचते, हा माझा कायमचा अनुभव.

ललिता हसली नाही. तिनं हेल्मेट बाकावर ठेवलं.

"मी सकाळी तिथूनच आले," ती म्हणाली. "खांबावर चढले होते."



"उंदीर एकदा आला म्हणता ना?"

"एकदाच."

"हातभर तारेत नऊ जोड आहेत, काका. एकाला लागून एक. कोणीतरी नऊ वेळा कापलीय तिथे, पक्कडीनं, सरळ. आणि नऊही वेळा कोणीतरी जोडलीय." तिचा आवाज अगदी हळू होता. "तुम्ही खोटं बोलताय. आठ जोडांवर धूळ आहे. नवव्यावर नाही."