आम्लातून आलेली

निवृत्तीनंतर नवऱ्याने म्हातारपण कोरायला घेतलं, तेही बायकोचं. पत्त्याच्या पानाएवढा तांब्याचा पत्रा, त्यावर मेणाचा पातळ थर, आणि सुईने मेण खरवडून काढलेला तिचा चेहरा. ती जन्मभर रसायनशास्त्र शिकवत आलेली, त्यामुळे पत्रा आम्लात बुडवायचं काम तिच्याकडे. मेण निघालेल्या जागीच आम्ल तांबं खातं. त्या रेघांत शाई भरून दाबलं की कागदावर ठसा उमटतो.

"सुरकुत्या आहेत तेवढ्याच काढा हं. पदरच्या घालू नका."

"आहेत त्याच पुरून उरतील," तो म्हणाला.

पहिल्या ठशात दुसरीच म्हातारी होती. अरुंद कपाळ, भुवईवर व्रण, ओठांचे कोपरे खाली ओढलेले.

"ही कोण?"

"कोण म्हणजे? तूच की. हुबेहूब उतरलीस."

चष्म्याचा नंबर वाढला असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण दुसऱ्या पत्र्यातूनही तीच बाई आली, केस आणखी विरळ झालेली. मग मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. इतक्या वर्षांच्या संसारात हा चेहरा यांनी ठेवला होता कुठे?

तिसरा पत्रा बुडवण्याआधी तिने भिंगाखाली धरला. मेणावर तीच होती: रुंद कपाळ, हनुवटीवरचा तीळ, सगळं. तिने तो स्वतःच्या हाताने आम्लात सोडला आणि नजर हलू दिली नाही. रेघांवर बारीक बुडबुडे धरले.

ठशात पुन्हा ती बाई.

"पुढचा मी काढणार," ती म्हणाली. "तुमचा."

तिला चित्रकला बेताचीच येत होती. तरी तो ठशात नेमका उतरला. बाकावर एकटा बसलेला.

त्याच्या खांद्यावर एक हात होता. तिने न काढलेला.

हाताच्या बोटात तिची अंगठी.

तिने आपल्या बोटाकडे पाहिलं. अंगठी तिथेच होती, सांध्यामागे रुतलेली, साबण लावूनही न निघणारी.

ती त्याच्याशेजारी बाकावर टेकली आणि कागद त्याच्या पुढ्यात धरला. तो दचकला नाही. तो हसला, लग्नानंतर फक्त तिच्याकडे पाहून हसायचा तसा. नजर मात्र तिच्या मागे होती.

"किती वर्षं चाललंय हे?" तिने विचारलं.

"जरा सरकून बस ना," तो हळूच म्हणाला. "तिला फार वेळ उभं राहवत नाही. तिचंही वय झालंय आता."