लोंबीची जोखीम

मांजरं अकरा. वाळूचे ट्रे दोनच, आणि दोन्ही सगळ्यांचे. तपासणीत अकराही जणांच्या पोटात एकच विषाणू (पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढणारा, डोळ्यांना न दिसणारा रोगाचा कण) सापडला. मग आजारी पडली ती फक्त दोन, हे कसं?

अकरा वर्षांच्या केतकी भांगरेला चार दिवस हा प्रश्न छळत होता. घाटमाथ्यावरच्या बीजकोठारात (जुन्या वाणांचं बियाणं थंड, कोरड्या खोल्यांत जपून ठेवण्याची जागा) तिची आई कामाला होती आणि शाळा सुटली की केतकीचा मुक्कामही तिथेच असायचा. कोठारात आधी उंदीर पकडायची यंत्रं आणली होती. उंदरांनी आठवड्याभरात त्यांची घरघर ओळखली, आणि पुढे तर ते यंत्रांच्या पाठीवर बसून बियाणं खाऊ लागले. शेवटी एक मांजरी आणि एक बोका आणला. बाकीची नऊ त्यांचीच पिलावळ. नावंही कोठाराला शोभतील अशीच: वरी, नाचणी, कणी, राळा...

आजारी पडले होते कोंडा आणि तूस; दोघेही आता दवाखान्यात होते. त्यांच्याच वेतातली लोंबी मात्र धडधाकट होती. ती केतकीची विशेष लाडकी, केतकी अभ्यासाला बसली की नेमकी वहीवर येऊन पसरणारी.

आज पशुवैद्य डॉ. शाहीन मुलाणी दुसऱ्या, पेशींच्या तपासणीचा निकाल घेऊन आल्या होत्या. केतकी त्यांना शाहीनमावशी म्हणायची. सोबत त्यांचा यंत्रमानव होता, ठोंब्या. प्रत्येक मांजराच्या गालात कापसाची काडी फिरवून पेशी गोळा करण्याचं काम त्याने केलं होतं, आणि त्याबद्दल मांजरांनी त्याच्या रंगावर एकवीस ओरखडे काढले होते. एकवीस हा आकडा तो येईल-जाईल त्याला ऐकवत होता.

पडद्यावर लोंबीच्या नावापुढे लाल अक्षरं उमटली : जोखीम जास्त.

कोठारप्रमुख खैरनार सरांनी ती वाचली आणि क्षणभरही न थांबता म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीने हिला शहरातल्या मांजरघरात पाठवा. इथे साथ नको."

ते निघूनही गेले. रडायचं नाही असं ठरवूनही केतकीचे डोळे भरलेच.

"मावशी, लोंबी तर बरी आहे! मग ती आजारी पडणारच, असं लिहून आलंय का?"

"तसं कुठे लिहिलंय? ये, बस इथे," शाहीनमावशी म्हणाल्या. "हा विषाणू बहुतेक मांजरांच्या आतड्यात गुपचूप राहतो. फार तर चार दिवस पोट बिघडतं. पण एखाद्या मांजराच्या अंगात नकला काढता काढता त्याची चूक होते, आणि त्या चुकीमुळे तो आतडं सोडून अंगभर हिंडू लागतो. मग ताप येतो, पोटात पाणी होतं. कोंडा आणि तूसचं तेच झालंय."

"मग अंगातल्या रक्षक पेशी काय करतात? झोपा काढतात?"

"झोपत नाहीत गं. पण पकडायच्या आधी ओळखायला नको का?"

मावशींनी भिंतीवरच्या दोन चाळण्या काढल्या, एक मोठ्या भोकांची आणि एक बारीक. मूठभर भातात त्यांनी मोहरी मिसळली आणि मोठ्या भोकांच्या चाळणीत ओतली. भात वर राहिला, मोहरी खाली पडली. खाली पडलेली मोहरी त्यांनी बारीक चाळणीत घेतली. एक दाणाही सुटला नाही.

"प्रत्येक पेशीत जनुकं (शरीर कसं घडवायचं याच्या लिहून ठेवलेल्या सूचना) असतात. त्यांतली काही जनुकं अशा चाळण्या घडवतात. रोगाचे तुकडे त्या चाळण्यांत अडकले की रक्षक पेशींना दिसतात. खरं तर अशा चाळण्या पुष्कळ असतात, मी तुला सोपं करून सांगतेय. एक आईकडून येते, एक बापाकडून."

केतकीने दोन्ही चाळण्या हातात घेऊन पाहिल्या. "दोन्ही मोठ्या भोकांच्या असल्या तर?"

"तर मोहरी दोन्हीतून पडेल. पहिल्या मांजरीकडून बारीक चाळणी आली, बोक्याकडून मोठ्या भोकांची. त्यांच्या सहा पिल्लांना दोन्ही प्रकारच्या मिळाल्या. पण लोंबीचे आईबाप सख्खे बहीणभाऊ. लोंबी, कोंडा, तूस, या तिन्ही पिल्लांच्या वाट्याला दोन्ही मोठ्या भोकांच्याच आल्या."

"म्हणून नऊ वाचली!" केतकी म्हणाली. मग तिचं तिलाच अडलं. "नाही, चुकलं. वाचलेल्या नऊमध्ये लोंबीपण आहे."

"शाबास. कारण चाळणी म्हणजे सगळं नव्हे. गर्दी, भीती, लहान वय, यांनीही रक्षक पेशी कमजोर पडतात. कोंडा आणि तूस गेल्या महिन्यात नव्या गोदामात कोंडले गेले होते, आठवतं? दोन दिवस ओरडत होते. लोंबी तुझ्या वहीवर झोपली होती."

ठोंब्या मध्येच बोलला, "या कोठारापुरता माझा अंदाज असा : लोंबीसारखी दहा मांजरं असतील, तर दोन-तीन आजारी पडतील. कोणती, ते मला सांगता येत नाही. मला एकवीस ओरखडे आहेत."

केतकी एकदम उठून उभी राहिली. "मावशी, मांजरघरात किती मांजरं असतात?"

"दोनशे. एका दालनात."

"म्हणजे गर्दी. आणि भीती. सर तिला आजारी पडायलाच पाठवताहेत!"

शाहीनमावशींनी मान हलवली. "मी सांगेनच त्यांना. पण तू तो शब्द वाचून घाबरलीस, म्हणून विचारते. जोखीम म्हणजे काय गं?"

"संकट," केतकी म्हणाली. पण मग तिला उन्हाळ्यातल्या लग्नाचा प्रवास आठवला. आजीची बोरमाळ पर्समध्ये होती. आई वाटभर म्हणत होती, जोखीम आहे जवळ, पर्स सोडू नकोस. आईने ती पर्स काही बसमधून बाहेर फेकली नव्हती. उलट अगदी पोटाशी धरली होती.

केतकी लोंबीला काखोटीला मारून तडक खैरनार सरांच्या खोलीत गेली. सर भाताच्या डब्यांची यादी तपासत होते. तीनशे बारा वाणांचे तीनशे बारा डबे.

"सर, करप्याला (भाताच्या पानांवर डाग पाडणारा रोग) लवकर बळी पडणारे वाण यांत आहेत?"

"आहेत की, चाळीसेक."

"मग ते फेकून का देत नाही?"

"वेडी आहेस का?" सर यादीतून मान वर न करता म्हणाले. "करप्याला बळी पडणारा एखादा वाण पाणथळीत तग धरतो, एखादा किडीला दाद देत नाही. उद्या कोणता रोग येईल, कुणाला ठाऊक? सगळे डबे एकाच वाणाने भरले आणि त्यालाच खाणारा रोग आला, तर सगळंच गेलं. तो डबा वेगळा ठेवायचा, जास्त लक्ष द्यायचं..."

ते थांबले. त्यांनी वर पाहिलं. लोंबीने जांभई दिली.

सरांनी यादी बाजूला ठेवली. मग दारात आलेल्या शाहीनमावशींकडे वळून त्यांनी विचारलं, "हिची ही जनुकं वेगळ्या एखाद्या रोगाविरुद्ध उपयोगी पडू शकतात?"

"शक्य आहे. आज सांगता येत नाही."

"घाई झाली माझी," सर म्हणाले. त्यांनी दुर्मीळ बियाण्याच्या डब्यावर लावायची चिठ्ठी काढली आणि शाहीनमावशींना विचारत नेटक्या अक्षरात लिहिलं : लोंबी. जोखीम जास्त. स्वतंत्र ट्रे, शांत खोली, दरमहा तपासणी. जपून ठेवणे.

त्याच आठवड्यात ट्रे दोनाचे बारा झाले. कोंडा आणि तूसचं औषध बारा आठवडे चाललं. कोंडा लवकर सावरला. तूसने मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं, पण तोही उठून दूध मागायला लागला. पावसाळ्यानंतर दूरच्या एका कोठारातून नवा बोका यायचा होता. पुढच्या पिल्लांना नव्या चाळण्या मिळाव्यात म्हणून खुद्द खैरनार सरांनीच तो मागवला होता. कोणती चाळणी कोणता रोग अडवते याची यादी अजून अर्धीसुद्धा झालेली नाही, असं शाहीनमावशी म्हणायच्या. उरलेली आपण करायची, हे केतकीने मनोमन ठरवून टाकलं होतं.

लोंबीच्या पहिल्या मासिक तपासणीला केतकी तिला टोपलीत घालून बिनचालक बसने शाहीनमावशींच्या दवाखान्यात निघाली. शेजारच्या सीटवरच्या आजींनी टोपलीकडे बोट दाखवलं. "एवढं कवटाळून काय धरलंयस गं पोरी? ठेव की खाली."

केतकीने टोपली आणखी जवळ ओढली.

"नको आजी. जोखीम आहे जवळ."