आठनंतरचे आकडे

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ही इकडून तिकडून कानावर आलेली गोष्ट नाही. जिनं सांगितली, तिनं ते आकडे स्वतःच्या कानांनी ऐकलेत. ते स्वयंपाकघर आजही तसंच आहे.

आणि वेळ रात्रीची नव्हती. दिवेलागणीची होती.

तिचे वडील मिस्त्री. जन्मभर लोकांच्या इस्त्र्या, गीझर, ओव्हन दुरुस्त केले. घरात मात्र दिव्याखाली अंधार. ओट्याशेजारी भिंतीत बसवलेला जुना ओव्हन होता, घर घेतलं तेव्हापासूनचा. त्याचं बटण अट्टल खोटारडं. दाखवायचं एक आणि तापायचा भलताच.

"बदलून टाकतो गं ते बटण," मिस्त्री म्हणायचे.

"काही नको. माझा हात शाबूत आहे," बायको म्हणायची.

ती ओव्हनचं दार उघडून हात आत धरायची आणि मोठ्यानं आकडे मोजायची. आठला चटका बसला की ओव्हन बरोबर तापला. मग हात काढून म्हणायची, "झालं." आणि केक आत सरकवायची. उभ्या जन्मात तिचा केक करपला नाही.

ती आजारी पडली त्याच सुमारास ओव्हनची कॉइल जळाली. तेव्हा ओव्हनकडे बघायला वेळ कुणाला होता? पुढे ती गेली. ओव्हन बंदच राहिला.

एका संध्याकाळी मिस्त्री बाहेरच्या खोलीत एकटेच बसले होते.

आत ओव्हनचं दार करकरलं...

"एक... दोन... तीन..."

आवाज तिचाच होता.

मिस्त्रींच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"सात... आठ..."

ते "झालं"ची वाट बघत राहिले.

"नऊ... दहा..."

आकडे थांबेचनात. शंभर झाले, दोनशे झाले. शेवटी जीव मुठीत धरून ते स्वयंपाकघराच्या दारात गेले, तेव्हा आवाज बंद झाला. ओव्हनचं दार सताड उघडं होतं. आत सगळं गार.

मग हे रोजचंच झालं. नवल म्हणजे मिस्त्रींची भीतीच गेली. दिवे लागले की ते बाहेरच्या खोलीतच, स्वयंपाकघराच्या भिंतीशी खुर्ची ओढून बसायचे आणि ऐकायचे. कुणाला अवाक्षर सांगितलं नाही, पोटच्या मुलीलासुद्धा.

ती एक दिवस न कळवता आली. चप्पल काढता काढता थबकली.

"बाबा... आई मोजतेय."

"हो."

"आठवर थांबत का नाही?"

मग तिचं तिलाच उमगलं. ओव्हन तापतच नव्हता. चटका बसतच नव्हता. हात कधी काढायचा, हे आईला कळायला मार्गच नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग दुरुस्त का नाही केलात? तुमच्या तर हातचा मळ."

"केला की ती जाईल."

मुलगी तिथंच खाली बसून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "तिचा हात अवघडला असेल, बाबा."



दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रू सोडवून ओव्हन भिंतीतून पुढे ओढला. जळकी कॉइल काढली, काळ्या पडलेल्या जोडण्या पॉलिश पेपरनं घासल्या, जुन्या सामानातून शोधलेली कॉइल बसवली. एरवी घटकाभराचं काम. त्यांनी त्याला अख्खा दिवस लावला. बटणाला मात्र हात लावला नाही.

"खोटं बोलतं तर बोलू दे," ते म्हणाले. "तिला सवय आहे त्याची."

दिवे लागले. मिस्त्रींनी ओव्हन सुरू केला आणि बापलेक बाहेर भिंतीशी उभे राहिले.

दार करकरलं...

"एक... दोन..." आवाज फार दमलेला होता.

"सात... आठ..."

मग काहीच नाही.

"झालं."

ओव्हनचं दार हळूच लागलं.

मिस्त्रींनी चहासुद्धा घेतला नाही. तसेच अंथरुणावर जाऊन पडले.

त्यानंतर घरात आकडे ऐकू आले नाहीत. मुलीला वाटलं, आई सुटली. वाईट वाटलं, पण बरंही वाटलं.

पुढे काही दिवसांनी ती बाबांना भेटायला गेली. कडी लावलेली नव्हती.

स्वयंपाकघरातून आवाज येत होता...

"चारशे बारा... चारशे तेरा..."

या वेळी आवाज बाबांचा होता.

ते ओव्हनसमोर उभे होते. हात कोपरापर्यंत आत. कॉइल काढून ओट्यावर ठेवलेली. तिनं धावत जाऊन त्यांचा हात बाहेर खेचला. मनगटापर्यंत लालबुंद झाला होता, कातडी सोलवटलेली.

तिनं घाबरत घाबरत ओव्हनच्या आत चाचपलं. थंडगार होता.

"बाबा, चटका बसतोय ना? काढायचात की हात."

मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं. डोळे भरून आले होते.

"कसा काढू? मी काढला, की ती 'झालं' म्हणते आणि निघून जाते."

आता रोज दिवे लागायच्या आत ती माहेरी येते. बाबांचे दोन्ही हात घट्ट धरून बसते. भाजलं कशानं, हे डॉक्टरांना अजून सांगता आलेलं नाही. ती विचारतही नाही. तिला फक्त एवढंच जाणवतं, की तिच्या हातातले बाबांचे हात हळूहळू तापत जातात... आणि बाबांचे ओठ हलत असतात.