बेल न वाजलेलं घर

दिवा मंदच असू दे. आणि हसायचं नाही हं. आमच्या ओळखीतल्या एका वायरमनच्या बाबतीत घडलेलं आहे हे. माणूस असा निबर, की खांबावर चढतानाही जांभई देईल.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा रविवार. बाकीची कामं उरकून तो रात्री एका घरी बेल बसवायला गेला. दार बाईनं उघडलं. आत पाळण्यात तान्हं बाळ झोपलं होतं.

“जुनी बेल कुठाय, ताई?”

“काढून टाकली होती. मुलीसाठी.”

मुलगी सहा वर्षांची. हजारांत एखाद्याच पोराला होतो असा हृदयाचा आजार. अचानक मोठा आवाज झाला, की ठोके भरकटायचे. म्हणून घरातले सगळे फोन मुके, कुकर बंद, पाहुण्यांनी दारावर नखानं टकटक करायची. इतकं जिवापाड जपलं. आणि एका दुपारी रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला. पोर खेळता खेळता गेली.

“आता कोण दचकणार आहे? बसवून टाका,” आतून नवरा म्हणाला. बिचाऱ्याला वाटत होतं, दुखणं लेकीबरोबरच गेलं.

वायरमननं बेल बसवली. वाजवून बघायला बाहेर आला. बटणाकडे अंगठा नेला…

अंगठा कुणीतरी धरला.

इवलीशी मूठ. गार. समोर कुणी नाही.

त्यानं हात ओढला. सुटेना. मुठीत जोर नव्हता… ती विनवत होती.

आत बाळ झोपेत कुरकुरलं. आणि याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“ताई,” तो कसाबसा म्हणाला, “बेल नको. आधी बाळाचा ईसीजी काढा.”

नवरा भडकला. “तुम्ही डॉक्टर आहात का?”

बाई वायरमनच्या अंगठ्याकडे बघत होती. नखावर गुलाबी नेलपॉलिश. ओलं. वेडंवाकडं, कातडीवर आलेलं.

“सगळ्यांना अस्संच लावून द्यायची…” एवढंच म्हणाली, आणि दाराशीच बसून ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी ईसीजी निघाला. तेच दुखणं, रक्तातून आलेलं. औषध वेळेत सुरू झालं. बाळ आता घरभर रांगतं.

परवा वायरमन भेटला. मी अंगठा बघितला त्याचा. नख वाढतं, तो कापतो.

रंग तिथेच आहे… ओला.