दोनचं बटण

"पुन्हा गेले!" यशराज ओरडला आणि तिघंही धावत सुटली.

काचेच्या दारापलीकडे सुप्रिया आत्याची मांडणी अंधारात उभी होती. बाकीच्या मांडण्यांवर पांढरे दिवे लखलखत होते, हिचेच तेवढे विझले होते. बाटल्यांमधली उसाची चिमुकली रोपं आधीच पिवळी पडायला लागली होती.

दिवाळीची सुट्टी लागताच राजनंदिनी, तिचा धाकटा भाऊ यशराज आणि शेजारची श्रेया इंदापूरजवळच्या गावाहून बारामतीला आत्याकडे आली होती. आत्या विद्यापीठाची संशोधक. खारवट जमिनीत तग धरेल असा ऊस ती तयार करत होती. त्यासाठी लागणारी महागडी यंत्रं एकट्याच्या आवाक्यातली नसतात, म्हणून ती या सामायिक प्रयोगशाळेत काम करायची. इथं कुणी पुण्याहून यायचं, कुणी सोलापूरहून. प्रत्येकाला एक मांडणी मिळायची आणि मोठी यंत्रं पाळीपाळीनं वापरायची. सगळा कारभार रणजितकाकांकडे, म्हणजे श्रेयाच्या सख्ख्या काकांकडे होता. घरी हेच काका पोरांबरोबर विटीदांडू खेळायचे, पण इथं आले की त्यांचा आवाजसुद्धा इस्त्री केल्यासारखा कडक व्हायचा.

काकांचं म्हणणं एकच. दिवे आपोआप जात नसतात, सुप्रियाच बंद करून विसरत असणार. पण सकाळी गेलेले दिवे संध्याकाळी आपोआप यायचे, त्याचं काय? यावर काका नुसते खांदे उडवायचे. सोमवारी विद्यापीठाची समिती येणार होती. सुप्रियाला मांडणी सांभाळता येत नाही, ती दुसऱ्या संशोधकाला द्यावी, असं त्यांनी कळवूनही टाकलं होतं. म्हणजे आत्याचं इतक्या वर्षांचं काम मातीमोल! ती जेवताना बोलेनाशी झाली होती आणि राजनंदिनीला ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघांनी सकाळपासून पाळत ठेवली. दाराकडे कुणी फिरकलं नाही. फक्त मांडणीच्या मागून 'खट्' असा आवाज आला आणि दिवे गेले. यशराज फरशीवर पालथा पडून मागे डोकावला. भिंतीवर एक करडी पेटी होती आणि तिला उंदराच्या शेपटीएवढी एरियल होती.

"ताई, आपल्या विहिरींवर फोननं मोटार चालू करायला अशीच पेटी असती की."

तेवढ्यात रणजितकाका येऊन उभे राहिले. पेटी त्यांनीच बसवली होती. सुट्टीच्या दिवशी घरून फोन केला की दिवे लागावेत, हा त्यांचा नवा प्रयोग होता. तिचा नंबर आपल्याशिवाय कुणालाही माहीत नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं. वर, हे काय खेळायचं मैदान आहे का, असं म्हणत तिघांची रवानगी थेट एसटीत केली.

रविवारी आत्या मांडणीसमोरच ठाण मांडून बसली होती. इकडे गावात तिघं तोंड पाडून मोहनराव तात्यांच्या बांधावर बसली होती. तात्या म्हणजे श्रेयाचे आजोबा, रणजितकाकांचे वडील. वीज आली तसं त्यांनी आपल्या जुन्या फोनचं एक बटण दाबून धरलं, फोन कानाला लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"वाजतंय, पर मोटार मेली ऐकतच न्हाय. नवी पेटी बसवल्यापास्नं ही तऱ्हा. सकाळी फोन लावून शेवटी चालू कराया चालत जा, सांजच्याला फोन लावून शेवटी बंद कराया चालत जा."

राजनंदिनी ताडकन उठली. "मग जुनी पेटी कुठं हाय, तात्या?"

"रणजित घिऊन गेला की बारामतीला. चांगली चालू पेटी, टाकून कशापायी द्यायची?"

सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा! राजनंदिनीनं आईच्या फोनवरून आत्याला गाठलं. आत्या रडवेल्या आवाजात सांगत होती, की आत्ताच तिच्या डोळ्यांदेखत दिवे गेले.

"आत्या, मांडणीकडं बघत राहा. तात्या, पुन्हा लावा फोन!"

तात्यांनी पुन्हा तेच बटण दाबून धरलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग फोनमधून आत्याची अशी किंकाळी आली की बांधावरचे बगळे उडाले. दिवे आले होते! तात्यांनी पुन्हा लावला, गेले. पुन्हा लावला, आले. यशराज आणि श्रेया आनंदानं नाचायला लागली. इंदापूरजवळच्या बांधावर बसून बारामतीचे दिवे विझवणारे आपणच, हे तात्यांच्या गळी उतरायला मात्र बराच वेळ लागला.

झालं होतं ते असं. नव्या पेटीचा नंबर काकांनी वडिलांना तोंडी सांगितला, पण फोनमध्ये घालून द्यायचं विसरले. तात्या कधी आकडे दाबत बसत नसत. दोनचं बटण म्हणजे मोटार, एवढंच त्यांना ठाऊक! आणि जुनी पेटी तात्यांचा फोन अजून ओळखत होती; तो आला की ती चालू असेल ते बंद करायची, बंद असेल ते चालू.

सोमवारी तात्या स्वतःच समितीपुढे जाऊन उभे राहिले.

"दिवं मी घालवत हुतो, साहेब. ह्या पोरीचा काय बी दोष न्हाय."

रणजितकाका लालबुंद झाले. मग सगळ्यांदेखत त्यांनी आत्याची माफी मागितली. समितीच्या बाईंनी आत्याची मांडणी तिच्याकडेच ठेवली आणि पोरांना शाबासकी दिली. कुणावर आळ घ्यायच्या आधी नीट बघणं आणि पुन्हा पुन्हा करून पाहणं, यालाच आम्ही संशोधन म्हणतो, असं त्या म्हणाल्या. काकांनी मग तिघांसाठी काचेचं दार स्वतः उघडलं.

तात्या बाटल्यांपुढे वाकून बराच वेळ रोपं न्याहाळत होते.

"ही खारवट रानात येत्याल?"

आत्या म्हणाली, येतील असं वाटतं, पण लावून बघायला तशी जमीन अजून मिळालेली नाही.

"माझा वढ्याकडचा तुकडा पांढराफटक पडलाय. गवत बी उगवत न्हाय. तितं लाव."

आत्याचे डोळे भरून आले. इतके दिवस अडवून धरलेलं रडू तिला आता आवरेना. तात्यांनी फोन राजनंदिनीच्या हातात दिला.

"आधी ह्यात मोटारीचा नवा नंबर घाल. रोपांस्नी पाणी लागंल."

तिनं दोनच्या बटणावर नवा नंबर घातला. तात्यांनी तिथंच बटण दाबून धरलं. जुनी पेटी काकांनी सकाळीच काढून टाकली होती, तरी काकांसकट सगळ्यांनी श्वास रोखून वर पाहिलं. दिवे लागलेलेच होते.