ज्याचा त्याचा मोर्चा

पाळण्याची कडी कुरकुरली. घरातली शांतता तेवढ्यानं मोडली, बाळ मात्र झोपेतच राहिलं. विशाखा दोरी धरून हलक्या आवाजात थोरल्या लेकीला म्हणाली, "परत सांग. देसायांकडे काय दिसलं?"

उत्पला शेजारी माहितीपट पाहून आली होती. "पणजी तळ्यावर गेली ना, तर त्यांच्या आजोबांनी तिला पाणी दिलं. पेल्यातून. ती म्हणाली, उपकार झाले तुमचे. आपल्या पडद्यावर तर दगड मारतात."

समोर चहा घेत बसलेल्या शमिकानं मान खाली घातली. अनुरूपपट तिचाच शोध. पाहणाऱ्याचा श्वास, नजर, नाडी पडदा टिपत राहतो. माणूस उठून जायच्या बेतात आला, की पुढचं दृश्य त्याला रुचेल असं घडवतो. जितकी घरं, तितके पट. सार्वजनिक तळ्याचं पाणी नाकारलेली खडकवहाळची माणसं घागरी घेऊन मोर्च्यानं तळ्यावर गेली होती, त्यावरचा हा माहितीपट. देसायांचं मूळ गावही तेच. विशाखाची आजी त्या मोर्च्यात चालली होती. ती वारल्यावर तिचं बोलणं उरलं ते फक्त एका जुन्या फोनमध्ये, आणि तो फोन विशाखानं कॉलेजपासूनच्या या मैत्रिणीच्या हातात विश्वासानं ठेवला होता.

"एक शब्द बदलणार नाही म्हणाली होतीस."

"अगं, साधा माहितीपट असता तर देसायांनी पाच मिनिटांत बंद केला असता. आता शेवटपर्यंत बघतात. रडतातसुद्धा."

"कशाला रडतात? स्वतःच्या चांगुलपणाला?"

शमिकानं कप खाली ठेवला.

"आजीला त्या गावात कुणी पेला दिला नाही गं. वरून ओंजळीत ओतायचे, निम्मं लुगड्यावर सांडायचं. आणि तू तिच्याच आवाजात तिला उपकार मानायला लावलंस. मला तिचं मूळ बोलणं परत दे."

"ते वेगळं उरत नाही, विशू. पटात विरघळून जातं. सगळी दृश्यं त्यातूनच उगवतात."

दोरीवरचा हात थांबला. "आमच्याकडचा तरी खरा आहे ना?"

शमिकानं उलट विचारलं, "तुझ्याकडे आजी कुठे दिसते?"

"सगळ्यांच्या पुढे. डोक्यावर घागर." सांगतानाही विशाखाचा ऊर भरून आला.

"तसं बघायला तुला आवडतं. पडद्याला ते कळतं."

"मग फोनमध्ये काय होतं? तू ऐकलं होतंस ना?"

"मलाही आता पटातलंच आठवतं," शमिका म्हणाली.

विशाखानं डोळे मिटले. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेलं काहीतरी होतं, मोर्च्यात तिनं मावशीचा पदर धरल्याचं, पाय लटपटल्याचं. ते हाताशी येईयेईतो पडद्यावरची आजी मागं वळून हसली, आणि बाकीचं पुसलं गेलं.

उत्पला तिच्या गुडघ्याला टेकली. "आई, तुला पणजीनं स्वतः सांगितलं होतं ना? काय म्हणाली होती ती, मी पुढे होते की मागे?"